नागपुरात घरी काय लावावं: दही-ताक की केफिर?

केफिर म्हणजे खास दाणे घालून आंबवलेलं, किंचित फसफसणारं दूध. त्याचे दाणे घरी आणावेत की विरजणाचं दही-ताकच बरं, हे ठरवताना बहुतेक जण फायद्यांच्या याद्या वाचतात. माझं म्हणणं, आधी आपल्या स्वयंपाकघराचं तापमान बघा. दोन्हीकडे जिवाणूंची भागीदारी आहे, पण ती जमायला लागणारी ऊब वेगळी.

योगर्टमध्ये दोन जिवाणूंची जोडी असते: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. बल्गेरिकस दुधातली प्रथिनं तोडतो, त्या तुकड्यांवर स्ट्रेप्टोकॉकस पोसतो. तो बदल्यात फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड देतो, ज्यावर बल्गेरिकस जोमानं वाढतो. ही जोडी ४० ते ४५ अंशांत रमते. घरच्या विरजणात आणखीही जाती असतात, पण त्यांनाही ऊब आवडते. म्हणून मे महिन्यात ओट्यावरचं दही भराभर लागतं आणि डिसेंबरात पातेलं गुंडाळून ठेवावं लागतं.

केफिरचा संसार मोठा. कॉकेशसच्या डोंगराळ भागातून आलेले हे दाणे फुलकोबीच्या बारीक तुऱ्यांसारखे दिसतात. बोटांत दाबले की रबरासारखे लवचिक. केफिरान नावाच्या चिकट शर्करेच्या आणि प्रथिनांच्या जाळ्यात लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, ॲसिटिक आम्लवाले जिवाणू आणि यीस्ट एकत्र नांदतात. यातली खरी गंमत यीस्टमध्ये आहे. क्लुव्हेरोमायसिस नावाचं यीस्ट दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, थेट खातं. सॅकरोमायसिस या दुसऱ्या यीस्टला ते जमत नाही. इतरांनी लॅक्टोज फोडून सोडलेल्या साध्या साखरेवर ते जगतं. परतफेड म्हणून यीस्ट बी-गटातली जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लं पुरवतं. काही यीस्ट तयार झालेलं लॅक्टिक आम्लही वापरतात, त्यामुळे आंबटपणा बेताबाहेर जात नाही. फसफस येते ती मुख्यतः यीस्टच्या वायूमुळे, म्हणून बरणीचं झाकण घट्ट लावू नका. किंचित अल्कोहोलही बनतं, सहसा एक टक्क्याच्या आत. घरात ते अजिबात चालत नसेल तर केफिरचा विचार इथंच सोडा.

हा सगळा मेळ २० ते २५ अंशांत बसतो. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा ओट्यावर ठेवलेलं केफिर काही तासांतच फाटतं, वर चोथा, खाली पिवळसर पाणी. दिवाळी ते होळी मात्र इथली हवा केफिरला छान मानवते. थंडीच्या रात्री वेळ थोडा जास्त लागेल, एवढंच.

तर निवड अशी: उन्हाळ्यात मला ताकच योग्य वाटतं. ते पातळ करून मीठ-जिरं घालून भरपूर पिता येतं आणि विरजण मोडलं तर शेजारून चमचाभर आणता येतं. केफिरचे दाणे तसे सहज मिळत नाहीत. थंडीत वेगळी चव, थोडी फसफस आणि यीस्टसकट जिवाणूंची विविधता हवी असेल तर केफिर नक्की लावा. म्हशीचं दूध असेल तर साय काढून घ्या, नाहीतर ती दाण्यांना चिकटते. कढी-गोळ्यांना ताकच वापरा. उकळीत जिवाणू टिकत नाहीत, तिथं केफिर घालून उपयोग नाही.

ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे त्यांनी केफिर डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. बाकीच्यांनी होळीनंतर दाणे ताज्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि आठवड्याला दूध बदलावं.