दादरचं भाड्याचं दुकान: जॅकेट घ्या, स्लीपिंग बॅग तपासून घ्या

एव्हरेस्ट बेस कॅम्पसाठी डाऊन जॅकेट (आत पक्ष्यांची मऊ पिसं भरलेलं) विकत घ्यायचं जिवावर आलं होतं. मुंबईत परत घालणार कुठे, लोकलमध्ये? म्हणून दादर स्टेशनजवळून भाड्याने घेतलं.

जॅकेट झकास. बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामाला, गोरक्षेपला, ५,१६४ मीटरवर, शेगडी पेटते ती जेवणाच्या खोलीत, याकच्या गोवऱ्यांवर. निजायच्या खोलीत बाटलीतलं पाणी गोठलं. जॅकेट अंगावरून उतरलंच नाही. दाबलं की जेवणाच्या डब्याएवढं होतं; ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या छोट्या विमानात सामानाचं वजन मोजून घेतात, तिथे हलकं जॅकेट बरं पडतं.

स्लीपिंग बॅगचं मात्र विचारू नका. पायाकडची चेन सारखी अस्तरात अडकायची आणि ती सोडवायला हातमोजे काढावे लागायचे. दुकानातच पूर्ण उघडून, आत शिरून बघा. काका कुरकुरतात, पण बघू देतात. बॅग स्वच्छ होती, कुबट वास नव्हता, हे मान्य. परत देताना चेनचं सांगितलं, तर डिपॉझिट पूर्ण हातात ठेवलं आणि वर मलाच सुनावलं, "नेतानाच बघायचं ना, ताई!"

बूट मात्र भाड्याने घेऊ नका. स्वतःचेच हवेत, आधी राजमाचीला वगैरे घालून पायात बसलेले.