दुखण्याचा आधारगट : पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंतच्या वापरानंतर

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गटाची चौकशी करणाऱ्या बायका बहुतेक दोनच गोष्टी विचारतात. तिथे जाऊन दुखणं कमी होतं का, आणि आपल्या घरातलं बाहेर जातं का? दुखणं फारसं कमी होत नाही. आणि नियम ढिले पडले तर घरातलं बाहेर हमखास जातं. एवढं ऐकूनही ज्यांना पुढे वाचायचं आहे त्यांच्यासाठी हा अनुभव.

गटात आमवात, फायब्रोमायल्जिया (अंगभर टिकून राहणारं दुखणं), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), मायग्रेन आणि जुनी कंबरदुखी अशा सगळ्या आहेत. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं, आणि डॉक्टरांनी एकदा तरी नीट तपासलेलं, एवढीच प्रवेशाची अट. आजारागणिक वेगळा गट काढावा असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. गरज पडत नाही. आजार वेगळे असले तरी अडचणी त्याच: ओट्याशी उभं राहणं, झोप, बसची पायरी, आणि ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ हे वाक्य.

जागेबद्दल आधी सांगते, कारण गट मोडतात ते बहुतेक जागेवरून. आपल्याकडे पहिली सोय सुचते ती देवळाच्या अग्रशाळेची, म्हणजे भाविकांना उतरायच्या इमारतीची. फुकट, ऐसपैस, पंखे, गाड्या लावायला अंगण. पण पाळीच्या दिवसांत बायका देवळाच्या आवारात येत नाहीत, आणि एंडोमेट्रिओसिसवालीचे तेच दिवस सगळ्यात वाईट. जिला सर्वांत जास्त गरज तीच गैरहजर. त्यापेक्षा वाचनालय किंवा शाळेची तळमजल्यावरची खोली बरी. जिना नको. संडास कमोडचा आहे का ते आधी जाऊन बघावं. गुडघेवाल्या बायका नुसत्या त्या धास्तीने पाणी न पिता येतात. हात नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवरून उठताना आधार मिळत नाही, म्हणून निदान चार खुर्च्या हातवाल्या हव्यात. शिवाय दोन चटया आणि एक उशी. बैठकीत मध्येच उठून उभं राहणं किंवा आडवं होणं चालतं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं आणि चालवणारीने स्वतः एकदा आडवं होऊन दाखवावं. त्याशिवाय कोणी होत नाही.

वेळ दर पंधरा दिवसांनी दुपारी ३.३० ते ५. जेवणं आटोपलेली, संध्याकाळचा स्वयंपाक अजून दूर, आणि गावाकडची बस मिळते. संख्या आठ ते दहा, त्याहून जास्त नको. नव्वद मिनिटांची वाटणी अशी: ५ मिनिटं बसायला, २० मिनिटांत प्रत्येकीला दोन मिनिटं, मोबाइलवर घड्याळ लावूनच, मग ४० मिनिटं एकच विषय, १० मिनिटं चहा आणि उभं राहून अंग मोकळं करणं, शेवटची १५ पुढच्या पंधरवड्याच्या बेतासाठी. चहाचे प्रत्येकी २० रुपये. चालवणाऱ्या दोघी हव्यातच, कारण एकीचं अंग नेमकं त्याच दिवशी धरतं. दोन मिनिटांचं घड्याळ निर्दय वाटतं. ते नसेल तर पहिल्या दोघींतच अर्धा तास जातो आणि शेवटची ‘माझं काही विशेष नाही’ म्हणून गप्प बसते.

‘दुखणं किती?’ असा प्रश्न आम्ही बैठकीत विचारत नाही. विचारला की आकड्यांची चढाओढ लागते: एकीचं सात, तर दुसरीचं लगेच आठ. त्याऐवजी ‘काय जमलं, काय अडलं’. महिन्यातून एकदा मात्र तीन आकडे वहीत लिहायचे, प्रत्येक शून्य ते दहा: आठवड्याचं सरासरी दुखणं, त्याने जगण्याची मजा किती हिरावली, आणि रोजच्या कामात किती आडकाठी आली. तिन्हींची सरासरी काढायची. डॉक्टरही वापरतात ती पेग नावाची मोजपट्टी हीच. समजा सुरुवातीला ७, ८, ६ होते, सरासरी ७. काही महिन्यांनी ७, ४, ३ आले तर सरासरी ४.७. दुखणं जागचं हललेलं नाही, पण सरासरी एक तृतीयांश उतरली. ३० टक्के फरक पडला तर तो खरा धरतात. गटाचा उपयोग दिसतो तो या दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात. पहिल्यावर डोळा ठेवून येणारी चौथ्या बैठकीनंतर येणं सोडते, आणि तिचंही काही चूक नाही.

सगळ्यात कामाला आलेली गोष्ट म्हणजे कामाचं माप. पद्धत साधी आहे. एक काम निवडा, समजा ओट्याशी उभं राहणं. पाच दिवस रोज लिहा, किती मिनिटांनी दुखणं वाढायला लागलं. १८, २५, १०, २२, १५ आले, तर सरासरी १८. त्यातून पाचवा हिस्सा वजा करा. राहिली साधारण १४ मिनिटं. हे तुमचं माप. १४ मिनिटांनी गजर वाजला की बसायचं, भाजी अर्धी चिरलेली असली तरी, आणि बरं वाटत असलं तरी. मुख्य गोष्ट हीच. दुखल्यावर थांबलं तर शरीर आधीच पुढे गेलेलं असतं, आणि मग दोन दिवस अंथरूण. आठवडाभर निभलं तर दहाएक टक्के वाढवायचं, म्हणजे १४ चे १५ किंवा १६. न निभल्यास मागे. शिट्ट्या मोजून किंवा मालिकेच्या जाहिरातीवर अंदाज बांधून हे होत नाही. गजरच लावावा लागतो.

हे बिघडतं ते चांगल्या दिवशी. अंग हलकं वाटतं, मग माळा साफ होतो, पडदे धुतले जातात, आणि तिसऱ्या दिवशी उठवत नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तर सगळ्यांचं एकदमच. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-भाज्यांची चौकट) बांधणं पुरुषांकडे असलं तरी सामान पुसून निवडून ठेवणं बायकांकडे, शिवाय नेवऱ्या (करंज्या), पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेल्या), पाहुणे. गटातली चाळीस मिनिटं या एका विषयाला देऊन निघालेला तोडगा: नेवऱ्यांचं सुकं सारण चार दिवस आधी करून डब्यात, पारी लाटणारी आणि भरणारी दोघी बसून, तळणारी वेगळी आणि दर २० मिनिटांनी बदली. पातोळ्या ताज्याच लागतात, त्यामुळे त्या दिवशी बाकी तळण नाही. दुसऱ्या दिवसाचं एक जेवण बाहेरून किंवा भावजयीकडून, आणि ते आधी ठरलेलं. आयत्या वेळी मागितली की मदत लाजेने मागितली जाते आणि कुरकुरत मिळते.

नारळाचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे तो रोज लागतो. जमिनीवर आदोळीवर (बसून नारळ खवायच्या विळीवर) बसणं म्हणजे कंबर वाकलेली आणि गुडघे मुडपलेले. कंबरवाल्यांना टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायची, हँडल फिरवायची खवणी चांगली. रबरी चकतीने चिकटणारी घेऊ नका. ओटा थोडा ओला किंवा खडबडीत असला की निसटते. पण मनगटाला आमवात असेल तर हँडलवाली उलट त्रास देते, कारण एक हात फिरवतो आणि दुसरा करवंटी दाबून धरतो. त्यांनी करवंटीतून तुकडे काढून घ्यावेत दुसऱ्याकडून, आणि मिक्सरला फिरवावेत. चवीत फरक पडतो अशी तक्रार घरून येते. येऊ द्यावी.

बेत ठरवायची रीत आम्ही जशीच्या तशी उचलली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी रुग्णांनीच चालवायचे वर्ग सुरू केले, त्यांतली ही. ‘चालायला लागेन’ हा बेत नव्हे. काय, किती, केव्हा, आठवड्यातून किती वेळा, हे चारही सांगायचं: सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळच्या चहानंतर, घरापासून बस थांब्यापर्यंत, १० मिनिटं. मग विचारायचं, जमेल याची खात्री दहापैकी किती? सातच्या खाली आली तर बेत लहान करायचा. धीर देऊन आकडा वाढवायचा नाही. बेत तिचा स्वतःचा हवा, सुनेने किंवा डॉक्टरांनी सांगितलेला नको.

आता गोपनीयता. गोव्यात दोन बायकांचं नातं निघायला पाच मिनिटं पुरतात. एकाच वाड्यातल्या बायका घेतल्या की जाऊ, नणंद, चुलत सासू सगळ्या समोरासमोर बसतात आणि बोलणं हवापाण्यावर येतं. म्हणून तीन-चार गावांतून बायका घ्याव्यात, आणि एका घरातल्या दोघी एका गटात नकोत. बाहेर भेटल्यावर गटाचा विषय काढायचा तो जिचा तिनेच. सल्ला द्यायच्या आधी ‘सांगू का?’ विचारायचं, हा तिसरा नियम. तो पाळायला सगळ्यात कठीण, कारण आपल्याकडे प्रत्येक काकीकडे एक काढा असतो.

औषधांबद्दल कडक राहावं लागतं. डोस कमी-जास्त करायचं कोणी कोणाला सांगायचं नाही, उरलेल्या गोळ्या द्यायच्या नाहीत. पण काही धोके सगळ्यांना ठाऊक असावेत. आमवातासाठीची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते; चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी आणि बाकीच्या गोळ्यांच्या डब्यात ती मिसळू नये. मायग्रेनवाल्यांनी गोळी घेतलेले दिवस मोजावेत: साधी वेदनाशामक महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, ट्रिप्टान (मायग्रेनसाठीच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. आणि लेबल नसलेली पुडी. दोन दिवसांत जादूसारखा गुण, मग चेहरा सुजलेला, साखर वाढलेली. अशा पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. ती एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून पुडीसकट डॉक्टरांकडे. कंबरदुखीत अचानक पाय लुळा पडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांमधली जागा बधिर होणं यांत गटाचं काही काम नाही. १०८ ला फोन.

ओपीडीची तयारी हा दुसरा खरोखर उपयोगी भाग. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांसमोर मिनिटं थोडी मिळतात. एका कागदावर माणसाची आकृती काढून दुखणाऱ्या जागा रंगवायच्या, खाली कधीपासून, दुखण्याने कुठलं काम थांबलं, आणि तीन प्रश्न, महत्त्वाचा पहिला. गोळ्यांची नावं न लिहिता पाकिटंच पिशवीत घालून न्यायची. सोबत गटातली एकजण. तिचं काम लिहून घेणं, बोलणं नाही. रिपोर्ट नॉर्मल आले तर पुढचा प्रश्न तयार असावा: ‘यात काय नाही ते कळलं, आता दुखण्याचं काय करायचं?’ फायब्रोमायल्जिया रक्त तपासून ठरत नाही, आणि एंडोमेट्रिओसिस असूनही सोनोग्राफी स्वच्छ येऊ शकते.

व्हॉट्सअॅप गट हा या सगळ्यातला कच्चा दुवा. रात्री बाराला रडवेली व्हॉइस नोट, सकाळी मेथीदाण्याचे फॉरवर्ड, प्रिस्क्रिप्शनचे फोटो. जागी असलेली ऐकते आणि तिचीही झोप जाते. शेवटी तो फक्त सूचनांसाठी ठेवला, लिहिणार चालवणाऱ्या दोघीच. त्या जागी जोड्या: आठवड्यातून एक फोन, १५ मिनिटं, आधी एकीची साडेसात, मग दुसरीची. जोडी आजारावरून न लावता घरच्या ओझ्यावरून लावावी. अंथरुणावरच्या सासूची सेवा करणाऱ्या दोघींना एकमेकींचं पटकन कळतं. एकच कायम ऐकतेय असं दिसलं तर महिनाअखेर जोडी बदलावी. जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोलली तर ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारायचं. विचारल्याने तो डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तर एकटी सोडायची नाही, गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, चोवीस तास चालतो. बांबोळीलाच मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे.

घरच्यांसाठी बैठक तीन-चार महिन्यांतून एकदा. नवरे येतात, सासवा कमी. ती फिजिओथेरपिस्टकडून घ्यावी; बायकोने सांगितलेलं जे वर्षभर पटत नाही ते पांढऱ्या कोटाकडून दहा मिनिटांत पटतं. चीड येते, पण उपयोग होतो. पावसाने सांधे जास्त दुखतात का, हा वाद मात्र कुठल्याच बैठकीत काढू नका. संशोधन दोन्ही बाजूंचं आहे आणि वेळ फुकट जातो.

न सुटलेला प्रश्न आहे तो नोकरी करणाऱ्यांचा. कुंडईच्या कारखान्यांत शिफ्टवर जाणाऱ्या, दुकानांत आठ तास उभ्या असणाऱ्या मुलींना ३.३० ची वेळ जमत नाही, आणि उभं राहण्याचं माप त्यांच्या हातात नाही, ते सुपरवायझरच्या हातात. रविवारी सकाळी १० ची बैठक घेऊन पाहिली. बाजार आणि स्वयंपाक यांत निम्म्या गळतात. सध्या त्यांच्यासाठी नुसत्या फोनच्या जोड्या आहेत आणि डॉक्टरांकडून ‘दर तासाला पाच मिनिटं बसू द्यावं’ असं पत्र कसं मागायचं याचा मसुदा. कोणाकडे संध्याकाळी सातनंतर बायकांना घरी सोडणाऱ्या गाडीची सोय असेल तर दुसरा गट लगेच सुरू करता येईल.