८ वॉटचा ट्यूब अँप की १०० वॉटचा ट्रान्झिस्टर? आधी स्पीकर ठरवा

माझा आतेभाऊ गोव्यात पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो, आमचं मूळ घर डिचोलीला, कौलारू, वर माळा नाही. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी त्याला गाणी ऐकायला चांगली सिस्टम घ्यायचीय आणि दोन महिने झाले, त्याचा एकच प्रश्न, अँप (अॅम्प्लिफायर, स्पीकरला ताकद पुरवतो तो) कुठला चांगला. मी म्हणतो अरे अँप एकटा चांगला-वाईट नसतो, तो कुठल्या स्पीकरला लावणार ते आधी सांग. त्याच्यासाठी जे बोललो तेच इथे लिहितोय, कारण ह्याच गोंधळात असलेले बरेच जण भेटतात.

त्याच्या डोक्यात दोन स्पीकर आहेत. केईएफचा एलएस ५० मेटा, छोटा, स्टँडवर ठेवायचा. आणि क्लिप्शचा हेरेसी ४, १२ इंची वूफर (खालच्या सुरांचा) आणि वर हॉर्न (वरच्या सुरांसाठी भोंग्यासारखा), पहिला हेरेसी आला १९५७ साली. कंपनी सांगते त्याप्रमाणे केईएफची सेन्सिटिव्हिटी (ठराविक पॉवरमध्ये स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते) ८५ डेसिबल, हेरेसीची ९९. १४ चा फरक वाचायला किरकोळ वाटतो पण दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, म्हणजे १४ ला जवळजवळ २५ पट. हेरेसी १ वॉटमध्ये जेवढा वाजतो तेवढं वाजायला केईएफला २५ वॉट हवेत. कंपनीचे आकडे थोडे सैल धरले तरी १० पट फरक कुठे जात नाही.

आता केईएफ घेतला तर. ३ मीटरवर बसून साधारण मोठ्याने ऐकताना १ वॉटमध्ये ८० डेसिबलच्या आसपास मिळतात, पण घुमट आरतीचं (चवथीला घुमटाच्या तालावर म्हणतात ती) रेकॉर्डिंग लावा, शामेळाची (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) काठी पडते तो क्षण बाकीच्या आवाजाच्या १५ डेसिबल तरी वर असतो, तेवढ्या क्षणासाठी ३० वॉट लागतात आणि अँपकडे ते नसले तर ठोका बोथट होतो, कासाळे (झांजा) चिरकतात, आणि आपण दोष स्पीकरला देतो. शिवाय ह्याच्यावर इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) ८ ओहम लिहिलाय पण मध्येच तो ३.५ पर्यंत खाली उतरतो, तिथे अँपला करंट द्यावा लागतो. म्हणून अँप बघताना ४ ओहमचा आकडा बघा. ८ ओहमला ८० वॉट आणि ४ ला १३०-१५० असं काही लिहिलं असेल तर अँपचा पॉवर सप्लाय दमदार आहे. ४ ओहमचा आकडा दिलेलाच नसेल तर मी तरी तो अँप ह्या स्पीकरला घेणार नाही.

ह्याच केईएफवर ३००बी ह्या काचेच्या ट्यूबचा सिंगल एंडेड (एकटी ट्यूबच पूर्ण आवाज पेलते असा) ट्यूब अँप आम्ही लावून बघितला होता, ८ वॉटवाला. मोगूबाई कुर्डीकरांचं जुनं गाणं लावलं, पहिली दोन मिनिटं सगळे गप्प, इतकं गोड वाटलं. मग लक्षात आलं की एका पट्टीत आवाज पुढे येतोय आणि दुसरीत मागे जातोय. कारण सरळ आहे. अशा ट्यूब अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स २-३ ओहम असतो, आणि स्पीकरचा इम्पीडन्स ३.५ पासून २० पर्यंत वर-खाली होत असेल तर आवाजातही ३-४ डेसिबलचे चढउतार येतात, जणू कुणीतरी न विचारता इक्वलायझर फिरवला. चांगल्या ट्रान्झिस्टर अँपचा आउटपुट इम्पीडन्स ओहमच्या छोट्या अपूर्णांकात असतो, तिथे हे जवळजवळ होतच नाही.

तोच ट्यूब अँप हेरेसीला लावा, वेगळंच. ८ वॉट म्हणजे केईएफच्या हिशोबाने २०० वॉटसारखे झाले, अँप कधी धापा टाकत नाही, आणि हॉर्नचा जो थोडा तिखटपणा असतो तो ट्यूबवर मवाळ होतो. डिचोलीच्या घरात अभिषेकीबुवांचा आवाज असा उभा राहिला की आत्या आतून उठून आली. उलट हेरेसीवर १०० वॉटचा अँप चालतो, नाही असं नाही, पण गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) जास्त असल्यामुळे व्हॉल्यूमचं बटन जरा फिरवलं की पुरे आणि रात्री शांततेत हॉर्नमधून सूऽऽ असा हिस ऐकू येतो. मला तो सहन होत नाही.

पण खोली विसरू नका. पर्वरीच्या त्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, भिंती उघड्या, टाळी वाजवली की घुमते, तिथे हॉर्न कानाला लागतो, जाड पडदे आणि सतरंजी नसेल तर नकोच. केईएफचा पोर्ट (बेससाठी हवेचं भोक) मागे आहे, भिंतीला चिकटवला तर बेस फुगतो, सोबत येणारे फोमचे बूच लावून थोडं आवरतं. कौलारू घरात उलटं, तिथे बेस साठत नाही, छोटा स्पीकर बारीक वाटतो.

आणि आपल्या हवेचं. क्लास ए अँप (आवाज नसतानाही ज्यात करंट सतत वाहतो) मला आवडतो पण ३० वॉटचा असला तरी नुसता चालू ठेवला की २०० वॉटच्या वर वीज खाऊन हीटर होतो, मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ते शक्य नाही. क्लास डी (वीज भराभर चालू-बंद करून चालणारा) थंड राहतो, हायपेक्स किंवा प्युरिफाय कंपनीचं मॉड्यूल असलेला घेतलात तर केईएफला छान जमतो, पूर्वीचे काही क्लास डी स्पीकर बदलला की ट्रेबल बदलायचे तसं ह्यांचं नाही. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारी हवा स्पीकरच्या टर्मिनलवर चढते, वर्षातून एकदा वायर काढून पुसा. गावात संध्याकाळी व्होल्टेज खाली जातं, ट्यूबला ते बाधतं, स्टॅबिलायझर लावाच, आणि जूनमध्ये गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवा.

भावाला मी सांगितलं, फ्लॅटमध्येच राहणार असशील तर केईएफ आणि ८०-१०० वॉटचा क्लास डी. डिचोलीला परत यायचा विचार असेल तर हेरेसी आणि ट्यूब, ३००बी परवडत नसेल तर ईएल ३४ ट्यूबचा पुशपुल (दोन ट्यूब मिळून आवाज पेलतात असा), ३०-३५ वॉटचा, तो फ्लॅटमध्येही वेळ मारून नेईल. हेरेसी आणि क्लास डी असं अर्धं-अर्धं मात्र करू नकोस. शनिवारी दुकानदार दोन्ही अँप दोन दिवसांसाठी घरी द्यायला तयार झालाय, घुमट आरतीचं रेकॉर्डिंग मी घेऊन जातोय.