आडंबर म्हणजे मुळात ढोल! कोलोनच्या ऑनलाइन संस्कृत कोशाबद्दल

मी प्रूफं तपासतो. मागे एका भाषणाचा मसुदा आला, सुरुवातच "सामाजिक परिप्रेक्ष्याच्या व्यापक अधिष्ठानातून अभिव्यक्त होणारी ही संकल्पना" अशी, चार ओळी वाचल्यावर कळलं की वाचनालय आता रविवारी पण उघडं राहणार एवढंच सांगायचंय. समासात 'शब्दावडंबर' लिहिलं आणि हात थांबला, कारण लिहिणाऱ्याने विचारलं असतं की म्हणजे नक्की काय, तर मला धड सांगता आलं नसतं. फोनमधल्या एका डिक्शनरी अ‍ॅपने 'दिखावा' म्हणून मोकळं केलं, त्याने काय कळणार.

मग जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या साइटवरचा मोनियर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडला, 1899 ची आवृत्ती. आपलं अवडंबर संस्कृत आडंबरवरून आलंय, म्हणून 'आडम्बर' शोधलं (मी अनुस्वार न देता म जोडूनच टाकतो). आणि अर्थ काय, तर एक प्रकारचा ढोल! मग मोठा आवाज, हत्तींची गर्जना, आणि त्यातच मोठ्याने, फार बोलणं. यजुर्वेदात ढोल वाजवणाऱ्याला 'आडंबराघात' म्हटलंय. खरंच अंगावर काटा आला. म्हणजे शब्दावडंबर म्हणजे शब्दांचा ढोल बडवणं, आवाज मोठा आणि आत पोकळ.

तेव्हापासून मी हे शब्द वेगवेगळे वापरतो. तीच गोष्ट साध्या शब्दात पण लांबण लावून सांगितली तर पाल्हाळ. वजनदार शब्द छाप पाडायला वापरले तर शब्दावडंबर. 'शब्दबंबाळ' मी वाक्याला म्हणतो, माणसाला नाही. आणि वल्गना तर वेगळीच, वल्ग् म्हणजे उड्या मारणं, म्हणून "मी हे करून दाखवीन" छाप बोलण्याला तो शब्द बसतो, अवघड भाषेला नाही. वर्तमानपत्रात वल्गना आणि शब्दावडंबर सर्रास एकाच अर्थाने येतात, त्याचं मला वाईट वाटतं.

साइट फुकट आहे, लॉगिन लागत नाही, देवनागरीत शोधता येतं. प्रत्येक शब्दाजवळ छापील पानाच्या स्कॅनची लिंक असते, ती मला सगळ्यात आवडते, शंका आली की थेट पान बघायचं. अर्थ इंग्रजीत आहेत आणि कोश संस्कृतचा, त्यामुळे पाल्हाळसारख्या शब्दाला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशच काढावा लागतो. पण तत्सम शब्द अडला की मी आधी इथेच येतो.

मसुदा परत पाठवताना समासात तोच शब्द ठेवला, खाली कंसात 'ढोल' लिहिलं. नवीन मसुदा अवघ्या दीड पानाचा आला.