फेसप्लेटचं 'रेडी किट' मागवण्याआधी हे वाचा

सांगली-मिरजेतली बरीच कॉलेजची पोरं गॅदरिंगसाठी आता सिनेमातल्या सुपरहिरोसारखं हेल्मेट घरीच बनवतात. कागदाचे साचे कापायचे, चिकटवायचे, वर रेझिन आणि फायबर मारायचं, मग लांबी (पुट्टी) भरून घासत बसायचं. आणि प्रत्येकाची हौस एकच, बटण दाबलं की तोंडावरची फेसप्लेट सर्रकन वर गेली पाहिजे. याच हौसेवर डोळा ठेवून काही लोकांनी ऑनलाइन दुकान मांडलंय. माझ्या भाच्याचे साडेसहा हजार रुपये त्यांनी खाल्ले. पोराने सुट्टीत कुपवाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाऊन ते साठवले होते. मी त्याच एमआयडीसीत फिटर आहे. पार्सल उघडल्यावर आत जे निघालं ते बघून माझं डोकं तापलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जाहिरातीतला व्हिडिओ फार देखणा आहे. टेबलावर लालभडक हेल्मेट, फेसप्लेट गुळगुळीत वर जाते, डोळ्यांत दिवे लागतात. खाली लिहिलेलं, "मेटल गिअर मोटर, ३०० ग्रॅमपर्यंतची फेसप्लेट आरामात उचलते, ९९०० एमएएचची बॅटरी, प्रोग्रॅम आधीच भरलेला, फक्त चिकटवा आणि वापरा." भाच्याने फोन केला तर समोरचा माणूस अगदी गोड बोलला. "सर, टेन्शनच घेऊ नका, सांगलीत आपले पुष्कळ कस्टमर आहेत." कॅश ऑन डिलिव्हरी मात्र नाही, पूर्ण रक्कम आधी यूपीआयने. पार्सल आलं, वेळेत आलं. यांची पद्धतच अशी आहे. काहीतरी पाठवायचं, म्हणजे 'माल मिळाला नाही' अशी तक्रारच करता येत नाही.

किट बसवलं. बटण दाबलं की मोटर नुसती गुरगुरायची, फेसप्लेट बोटभर उचलायची आणि परत खाली. थोड्या वेळाने एका मोटरमधून कडकड आवाज आला आणि तिचा शाफ्ट मोकळाच फिरायला लागला. भाचा ती घेऊन माझ्याकडे आला. "मामा, माझं वायरिंग चुकलं का?" पोरगं दोन दिवस स्वतःलाच दोष देत होतं.

वायरिंग बरोबर होतं. मोटरवर स्टिकर होता एमजी ९०एस, म्हणजे धातूच्या गिअरची छोटी सर्व्हो, सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी मोटर. खालचे चार बारीक स्क्रू काढून वरचं टोपण उचललं तर आत पांढरे नायलॉनचे गिअर, एकाचे दात साफ झडलेले. स्टिकरची कड नखाने उचलली तर खाली दुसरा स्टिकर, एसजी ९०, म्हणजे तशीच पण प्लॅस्टिकच्या गिअरची मोटर. सराफ कट्ट्यावर ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवली. खरी एमजी ९०एस साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरते. ही नऊच्या जराशी वर. न उघडताही खोट पकडायचा हा सोपा मार्ग आहे, लक्षात ठेवा.

आता '३०० ग्रॅम आरामात' या दाव्याचा हिशेब बघू. हा हिशेब पैसे पाठवायच्या आधी कागदावर करता येतो. फेसप्लेट कानाजवळच्या सांध्यावर फिरते. तिथपासून फेसप्लेटच्या वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, साधारण १० सेंटिमीटर येतं. ३०० ग्रॅम गुणिले १०, म्हणजे ३ किलो-सेंटिमीटर. फेसप्लेट बंद असताना तिला धरणारा हात, म्हणजे सांध्यापासूनची पट्टी, जवळपास आडवा असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त जोर सुरुवातीलाच लागतो. एसजी ९० चा कागदावरचा जोर ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंटिमीटर. दोन बाजूंना दोन मोटरी धरल्या तर ३.६. वाचताना वाटतं की जमतंय. पण हा आकडा म्हणजे मोटर जागेवर अडकते तो भार. सतत काम करून घ्यायचं तर मी त्याच्या निम्म्याच्या वर कधीच जाणार नाही. म्हणजे राहिले १.८, आणि गरज ३ ची. खरी एमजी ९०एस दिली असती तरी या वजनाला ती अपुरीच पडली असती. विकणाऱ्याला हे कळत नसेल यावर माझा विश्वास नाही.

व्हिडिओतली फेसप्लेट मग उचलली कशी जाते? मी तो व्हिडिओ हळू करून परत परत बघितला. ती फेसप्लेट पातळ प्लॅस्टिकची आहे, उघडी असताना कडेची जाडी दिसते, पोस्टकार्डापेक्षा फार जास्त नाही. हेल्मेटच्या मागून एक काळी वायर टेबलाखाली जाते, म्हणजे ते बॅटरीवर चाललेलंच नाही. शिवाय आतल्या बाजूला प्रत्येक कानाशी दोन-दोन हात आहेत. आम्हाला आला एकेकच. हा फरक मोठा आहे. फेसप्लेट एकाच खिळ्यावर फिरवली तर तिची वरची कड कपाळाच्या भागाला घासते. तिला आधी थोडं पुढे सरकावं लागतं आणि मग वर जावं लागतं, त्यासाठी चार सांध्यांची जोडणी लागते. म्हणजे दाखवलं एक मेकॅनिझम आणि पाठवलं भलतंच.

बॅटरीबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. किटमधला सेल १८६५० प्रकारचा आहे. हा सेलच्या मापाचा आकडा आहे, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या जागेत नावाजलेल्या कंपन्यांच्या चांगल्या सेलमध्येसुद्धा ३५०० एमएएचच्या आसपासच क्षमता बसते. ९९०० छापलेलं दिसलं की तो सेल खोटा, त्यावर चर्चाच नको. खऱ्याचं वजन ४५ ग्रॅमच्या आगेमागे असतं, आमचा भरला ३१. त्याला संरक्षक सर्किट नाही, होल्डरला फ्यूज नाही, आणि हे सगळं बसवायचं कुठे, तर डोक्याला लागून, फायबर आणि फोमच्या आत. लिथियमचा सेल शॉर्ट होऊन पेटला तर हेल्मेट काढेपर्यंत भाजेल. लेकरांच्या डोक्यावर असलं काही चढवणाऱ्याला मी नुसता लबाड म्हणणार नाही, त्याच्या पुढचा शब्द लागेल. आईबापांनी निदान एवढं बघावं की सेल कमरेच्या पट्ट्यावर आहे, डोक्यात नाही.

तक्रार केल्यावर दुसरा अंक सुरू झाला. आधी "तुमचं वायरिंग चुकलंय", मग मी मोटरीचे फोटो पाठवल्यावर लगेच "सॉरी सर, पूर्ण रिफंड देतो". पाठोपाठ एक क्यूआर कोड आला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे खात्यात जमा. भाच्याने फोन हातात घेतला तेवढ्यात ताई किचनमधून ओरडली, "थांब! पैसे यायचे असतील तर पिन कशाला लागतोय?" ताई विश्रामबागेत किराणा दुकान चालवते, दिवसभर यूपीआयने पैसे घेते. तिला हे कुणी शिकवायला लागलं नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. त्या कोडमध्ये रक्कमही भरून ठेवलेली होती, ६,५००. म्हणजे परत तेवढेच काढून घ्यायचा डाव. आम्ही नकार दिल्यावर नंबर ब्लॉक झाला.

तेव्हाच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर हा फोन जितका लवकर कराल तितकं बरं, कारण रक्कम समोरच्या खात्यात असेपर्यंतच ती थांबवता येते. आमच्या बाबतीत पार्सल येण्याची वाट बघण्यातच तो वेळ निघून गेला होता, आणि ही पद्धत नेमकी त्यासाठीच आखलेली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. तक्रारीत नुसतं 'फसवलं' असं लिहू नका. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्यावर त्या व्यवहाराला मिळतो तो नंबर), जाहिरातीचा स्क्रीनशॉट, दोन्ही स्टिकरचे फोटो, काट्यावरच्या वजनाचा फोटो, सगळं जोडा. मोटरी, सेल, पार्सलचं खोकं रागाने फेकून देऊ नका, तोच पुरावा आहे. ग्राहक म्हणून १९१५ या हेल्पलाइनवर वेगळी तक्रार करता येते, तीही आम्ही केलीय.

भाच्याचं हेल्मेट मी आणि तो मिळून परत करतोय. फेसप्लेट आतून घासून हलकी केली, दोन हातांची जोडणी ॲल्युमिनियमच्या पट्टीतून कापली, आणि मोटर दुकानात समोर उघडून, गिअर बघून घेतली. एमजी ९९६आर, ५५ ग्रॅमची आहे, पण ४.८ व्होल्टला ९ किलो-सेंटिमीटरच्या वर जोर देते. या मोटरला कंट्रोलर बोर्डच्या, म्हणजे प्रोग्रॅम भरलेल्या सर्किटच्या, पाच व्होल्टच्या पिनवरून करंट देऊ नका. तिला वेगळा पुरवठा आणि दोन्हींचं ग्राउंड (वजा बाजूची वायर) एकत्र, नाहीतर बोर्ड सारखा रिसेट होतो.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या पानावर फिरतोय, किंमत पाचशेने कमी. लाल हेल्मेटच्या डाव्या गालावर रंग उडालेला एक तिरका ओरखडा आहे, आणि मागे निळा पडदा. तो दिसला तर पैसे पाठवू नका आणि त्या पानाची तक्रार करा. सांगली-मिरजेत कुणी असलं किट आधीच मागवलं असेल तर ते डोक्यावर चढवायच्या आत सेल तेवढा काढून ठेवा.