डीस्पेस : संयुक्त संशोधनाचे ज्ञान जपायला कितपत उपयोगी?

डीस्पेसचा जन्मच विद्यापीठ आणि उद्योगाच्या भागीदारीतला. एमआयटीची ग्रंथालये आणि एचपी लॅब्ज यांनी २००२ मध्ये संशोधनाचे साहित्य साठवून शोधण्याचे हे मुक्त सॉफ्टवेअर खुले केले. संयुक्त प्रकल्पांचे अहवाल, प्रबंध आणि विदासंच दीर्घकाळ जपण्यासाठी आमची पहिली शिफारस आजही हीच. मात्र प्रकल्पातून संस्था काय शिकली, हे डीस्पेस आपोआप टिपत नाही. ती सोय बसवणाऱ्यानेच करायची असते.

रचना सोपी आहे: कम्युनिटी (मोठा गट), तिच्यात कलेक्शन (संग्रह), त्यात आयटम (एकेक नोंद) आणि आयटमला जोडलेल्या फायली. पहिली चूक इथेच होते. विभागांच्या तक्त्यावरून कम्युनिटी पाडल्या, की विभाग एकत्र होताच किंवा भागीदार बदलताच मांडणी विस्कटते. २०२१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून व्यक्ती, प्रकल्प, संस्था, प्रकाशन यांच्या स्वतंत्र नोंदी करून त्या एकमेकींना जोडता येतात. ही एंटिटींची सोय मुळात बंद असते. ती पहिल्या दिवशीच सुरू करा, नाहीतर पुढे जुन्या आयटमना मागाहून प्रकार लावत बसावे लागते.

शीर्षक, लेखक, दिनांक, विषय यांना डब्लिन कोअर, म्हणजे वर्णनाच्या फील्डचा प्रमाणित संच, पुरते. निर्णय का घेतला, कोणता मार्ग का सोडला, याला त्यात जागा नाही. मेटाडेटा रजिस्ट्रीत (वर्णनाच्या फील्डच्या यादीत) स्वतःचा स्कीमा, म्हणजे फील्डचा वेगळा संच, काढून ‘घेतलेला निर्णय’, ‘सोडलेला पर्याय’, ‘पुढच्या गटासाठी सूचना’ अशी तीनच फील्ड घाला आणि त्यातले एकच सक्तीचे ठेवा. दहा फील्ड ठेवली तर लोक सगळीकडे ‘लागू नाही’ लिहून मोकळे होतात. ही फील्ड आयटम चढवण्याच्या फॉर्ममध्ये तर घालायचीच, शिवाय डिस्कव्हरीच्या, म्हणजे डीस्पेसमधल्या शोधाच्या, सेटिंगमध्येही घाला. त्याशिवाय त्यांवरून निकाल गाळता येत नाहीत. चढवलेल्या आयटमच्या तपासणीच्या टप्प्यात विद्यापीठ आणि उद्योग या दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हवाच.

परवानग्यांबाबत फार जपा. फाइल बंद केली तरी आयटमची नोंद उघडीच राहते, म्हणजे शीर्षक आणि सारांश कुणालाही वाचता येतात. पेटंट व्हायचे असलेल्या कामात एवढेही घातक ठरते. कलेक्शनच्या मूळ परवानग्यांत आयटम आणि फाइल या दोन्हींचे वाचन भागीदार गटापुरते ठेवा. हा बदल फक्त नव्या आयटमना लागतो. जुन्यांच्या परवानग्या वेगळ्या बदलाव्या लागतात.

‘शोधात सापडत नाही’ या तक्रारीमागे बहुधा दोन कारणे असतात. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकुराचा थर नसतो, त्यामुळे चढवण्याआधी ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरे मजकुरात बदलून घ्या. दुसरे म्हणजे फाइलमधली पहिली १,००,००० अक्षरेच शोधसूचीत जातात; मोठ्या प्रबंधांसाठी मजकूर काढण्याची आणि सूचीची अशा दोन्ही मर्यादा वाढवून मजकूर पुन्हा काढा आणि सूची पुन्हा बांधा.

हँडल म्हणजे प्रत्येक आयटमचा कायमचा ओळखक्रमांक. त्याचा नमुना उपसर्ग (सुरुवातीचा, संस्थेचा भाग) १२३४५६७८९ तसाच ठेवणाऱ्या संस्था बऱ्याच दिसतात. त्या क्रमांकावरून जागतिक हँडल व्यवस्था आपल्या नोंदीपर्यंत पोहोचवत नाही, त्यामुळे पत्ता बदलला की छापलेले संदर्भ निकामी होतात. स्वतःचा उपसर्ग नोंदवूनच पहिला आयटम चढवा.

बॅकअप घेताना पोस्टग्रेसचा डेटाबेस आणि असेटस्टोअर (प्रत्यक्ष फायली ठेवलेला फोल्डर) एकाच वेळी घ्या. असेटस्टोअरमधल्या फायलींची नावे निव्वळ आकड्यांची असतात. कोणती फाइल कोणत्या अहवालाची, हे फक्त डेटाबेसला ठाऊक असते.