सांगलीतून घेतलेली पहिली-दुसरीची गणित-भाषा पेटी, सहा महिने वर्गात वापरून झाल्यावर

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या झाल्या सांगलीतल्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून ही पेटी घेतली. पहिली-दुसरीसाठी गणित आणि भाषा दोन्हीचं साहित्य एकत्र, २८५० रुपये. आता डिसेंबर संपत आला, एवढे दिवस पेटी रोज उघडतेय म्हणून म्हटलं लिहावं, कारण घ्यायच्या आधी मी खूप शोधलं होतं आणि मराठीत कुणी धड लिहिलेलं सापडलंच नाही, सगळीकडे नुसते पाच स्टार आणि 'मस्त प्रॉडक्ट'. दुकानाचं नाव टाकत नाहीये, असल्याच पेट्या वेगवेगळ्या लेबलखाली सगळीकडे मिळतात, त्यामुळे आत काय असतं आणि मुलांच्या हातात ते किती चालतं हेच सांगते.

आमची शाळा पलूस तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे, पट २३, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या कुटुंबातली ४ पोरं आलीत ती वेगळी. अर्धे पैसे शाळा व्यवस्थापन समितीनं दिले, अर्धे मी घातले.

आधी पेटीतली सगळ्यात भारी वस्तू, गणितमाळ. शंभर मणी, दहा लाल दहा पांढरे असे आलटून पालटून. दिसायला साधी माळ, पण मराठीत संख्या शिकवणाऱ्यांना हिची किंमत कळेल. आपल्या मराठी संख्यानावांचा त्रास इंग्रजी माध्यमवाल्यांना नसतो. पोरगं 'पस्तीस' ऐकतं, त्याच्या कानावर आधी पाच पडतो मग तीस, म्हणून ते ५३ लिहून मोकळं होतं, आणि आपण त्याच्या वहीवर लाल फुली मारतो. एकोणतीसचं तर विचारूच नका, संख्या विसाच्या घरातली आणि नाव तिसाचं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचायची पद्धत दिली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला आठवत असेल, मला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटतं की ज्यांनी कधी पहिलीच्या वर्गात बसून पोराला 'एकोणसाठ' समजावलेलं नाही तेच जास्त बोलत होते.

तर माळ भिंतीवर मुलांच्या हाताच्या उंचीला आडवी बांधली आणि कपड्याला लावायची चिमटी दिली, खेळ एवढाच की मी संख्या सांगणार आणि मुलानं त्या जागी चिमटी लावायची. पहिले आठ-दहा दिवस सगळी एकापासून मोजायची, 'एक दोन तीन' करत पार पंचेचाळीसपर्यंत. मी टोकलं नाही. मग एकदा दुसरीतल्या एका पोरीला एकोणतीस सांगितलं तर ती मोजायला न लागता थेट तिसाच्या टोकाला गेली, तीन रंगपट्टे संपतात तिथं बोट ठेवलं, एक मणी मागं सरकली आणि चिमटी लावली. मी विचारलं कसं केलंस गं, तर म्हणाली, "बाई, एकोण म्हंजे एक कमी." मी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणऐंशी सगळ्या वर्गाला आपोआप यायला लागले, एकानं केलं की बाकीची बघून करतात, आणि नव्व्याण्णवला एकोण का नाही हा प्रश्नही एकानं विचारला, त्याला मी तरी काय उत्तर देणार, म्हटलं बरोबर विचारलंस, एकोणनव्वद आहे पण एकोणशंभर आपण म्हणत नाही.

आता माळेचा दोष. दोरा अगदी कच्चा, दुसऱ्याच आठवड्यात तुटला आणि शंभर मणी वर्गभर. रडायची वेळ आली होती पण पोरांनी त्याचाच तास केला. गोळा केलेले मणी दहा-दहाचे ढीग करून मांडले, नऊ ढीग झाले आणि वर सात. किती हरवले? तीन, हे पहिलीतल्या पोरानं सांगितलं. दोन कपाटाखाली सापडले, एक काही सापडला नाही. दुसऱ्या दिवशी एका पोरीनं घरनं निळा मणी आणला, आता तो शंभराव्या जागेवर आहे आणि सगळी त्याला 'शंभरचा मणी' म्हणतात. मी माळ परत तंगुसात (मासे धरायच्या गळाचा नायलॉनचा दोरा) ओवली, त्यानंतर अजून तुटलेली नाही. तुम्ही घेतलीत तर पहिल्याच दिवशी तंगुसात ओवून घ्या, पोरांच्या ओढाओढीत तो दोरा टिकणारच नाही.

दुसरी वस्तू एकक-दशक-शतकाचे ठोकळे, म्हणजे ज्यांना डीन्स ब्लॉक म्हणतात ते. एक सेंटिमीटरचे सुटे ठोकळे, दहाच्या कांड्या, शंभरची पाटी. माल चांगला आहे, कडा टोचत नाहीत, धुतले तरी रंग जात नाही. संख्येनं मात्र कमी, १०० सुटे, २० कांड्या आणि २ पाट्या. वर्गात चार-चारचे गट केले की दोनच गटांना पुरतात, बाकीचे गट तोपर्यंत दुसरं काम करतात.

पण हे ठोकळे पहिल्याच दिवशी देऊ नका हे मी मनापासून सांगते. कांडी फोडता येत नाही. हातच्याच्या वजाबाकीत मुलाला दशक सुटा होताना दिसायला पाहिजे आणि इथं कांडी देऊन दहा सुटे घ्यायचे असतात, ती अदलाबदल पुढची पायरी आहे. मी आधी खराट्याच्या काड्या वापरते, बोटभर लांबीच्या कापायच्या, दहाचा गठ्ठा आणि वर रबर. ४२ मधून १७ द्यायचे होते. पोरापुढं चार गठ्ठे आणि दोन काड्या. मी हात पुढं केला, म्हटलं आधी सात दे. त्यानं दोन काड्या हातावर ठेवल्या आणि थांबला. माझ्याकडं बघितलं, गठ्ठ्याकडं बघितलं, बराच वेळ काही बोलला नाही, मी पण नाही बोलले (हे फार अवघड जातं, आपली जीभ शिवशिवत असते). मग त्यानं एका गठ्ठ्याचं रबर काढलं, काड्या पसरल्या, त्यातल्या पाच मोजून दिल्या. म्हणाला, "आता तीनच गठ्ठं राह्यलं की बाई." हातचा म्हणजे हेच. वहीवर नुसतं चार खोडून तीन लिहायला लावतो तेव्हा ते का खोडलं हे निम्म्या वर्गाला माहीत नसतं.

हे जमल्यावर ऑगस्टमध्ये ठोकळे काढले. खेळ सोपा: दोन फासे टाकायचे, पडतील तेवढे सुटे घ्यायचे, दहा जमले की बँकेत देऊन कांडी आणायची, दहा कांड्या झाल्या की पाटी. बँकेत एक मूल बसवायचं. बँकवाल्याचा हिशोब पक्का होतो म्हणून मी मुद्दाम मागं पडलेल्यांना तिथं बसवते, आणि आठवड्याभरात फरक दिसतो. उलटा खेळही घ्या, पाटीपासून सुरू करून देत देत शून्यावर यायचं, तीच हातच्याची वजाबाकी. फासे पेटीतलेच आहेत, चांगले मोठे, ठिपके खोल कोरलेले.

आता भाषेच्या भागाकडं येते, आणि इथं मला मनापासून वाईट वाटलं. अक्षरकार्डं जाड आहेत, लॅमिनेशन चांगलं, पण केलीत ती हिंदीवरून उचलून. 'ऊ' च्या कार्डावर लोकरीचा गुंडा आणि खाली लिहिलंय 'ऊन'. पहिलीतलं पोर म्हणालं, "बाई, हे ऊन न्हाय." बरोबरच आहे, त्याच्या लेखी ऊन म्हणजे डोक्यावर तापतं ते. 'ख' ला ससा काढलाय, कारण हिंदीत खरगोश. 'च' ला चमचा निघाला म्हणून बरं वाटलं तर खाली 'चम्मच'. 'ळ' चं कार्डच नाही! ज्या पोरांच्या तोंडात दिवसभर केळं, नळ, शाळा, गूळ, बाभळ आहे त्यांना 'ळ' नाही. शिवाय 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. आपल्याकडं २००९ च्या शासन निर्णयात मराठीचा 'ल' आणि 'श' कसा काढायचा ते ठरवून दिलंय, बालभारतीच्या पुस्तकात तसाच आहे, आणि कार्डावर वेगळा. मोठ्यांना हा फरक किरकोळ वाटतो, पण जे पोर आज पहिल्यांदा 'ल' बघतंय त्याला ती दोन वेगळी अक्षरं आहेत.

कार्डं बदलून मागायला मी परत सांगलीला गेले. दुकानातले काका बोलायला चांगले, पण म्हणाले, "कंपनीकडनंच असं येतं मॅडम, आमच्या हातात काय नाही." पैसे परत नाहीत, बदली नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की डब्यावर 'मराठी' छापलंय तर आत मराठी पाहिजे. ते त्यांनी वर कळवतो म्हणून सांगितलं, त्याला चार महिने झाले.

शेवटी कार्डं मीच केली. लग्नपत्रिकांचे कोरे मागचे भाग कापले, आणि अ-आ-इ-ई च्या क्रमानं न जाता ज्या अक्षरांतून लगेच ओळखीचे शब्द बनतात अशी चार-पाच अक्षरं एका वेळी घेतली. म, क, र, ब आणि काना, एवढ्यातून काका, मामा, बाबा, मका, बाक, कार, राम निघतात. मुलांच्या ओळखीच्या शब्दांपासून वाचायला शिकवायचं काम फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी कितीतरी वर्षं केलंय, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात, आणि आपण अजून 'ठ ठशाचा' गिरवत बसतो. कार्डं पसरून द्यायची आणि शब्द बनवा म्हणायचं. पोरांनी 'बारका' बनवला, 'कमरा' बनवला, एकानं 'मारका' बनवला आणि म्हणाला आमचा बैल. त्याला तिथंच तो शब्द वहीत लिहू दिला, खाली त्यानं बैल काढला. ऊसतोडीची मुलं आली तेव्हा त्यांच्यासाठी 'कोयता', 'मोळी', 'फड' ही कार्डं करून घेतली. त्यातल्या एकीनं आधीच्या शाळेत काय शिकलं ते काहीच दाखवलं नव्हतं, तिनं 'मोळी' बरोबर ओळखून आणून दिली.

बाराखडीचं चक्र पण पेटीत आहे, बाहेरच्या चकतीवर अक्षर आणि आतल्यावर काना-मात्रा. कल्पना छान, पण वेलांट्या दोन्ही अक्षराच्या उजवीकडेच येतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची असते हे मुलांना आधीच गोंधळात टाकतं, त्यात हे चक्र उलटं दाखवतं. मी ते कपाटात ठेवून दिलंय.

घड्याळ घेऊ नका. मिनिटकाटा फिरवला की तासकाटा जागचा हलत नाही, त्यामुळं साडेतीनला तासकाटा तीनवरच उभा, आणि सव्वा, साडे, पावणे शिकवताना तोच तर सरकताना दिसला पाहिजे. घरातलं जुनं भिंतीवरचं घड्याळ, सेल काढून, मागच्या चावीनं फिरवलं की उत्तम काम होतं. खोट्या नोटांत दोन हजाराच्या गठ्ठाभर नोटा आहेत, त्या रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्येच मागं घ्यायला काढल्या, आणि बाजारच्या खेळाला लागणाऱ्या दहा-वीसच्या मात्र चार-चार. अपूर्णांकाच्या चकत्या ठीक आहेत, पण कागदाची भाकरी जास्त चालते, अर्धी आणि चतकोर हे शब्द आमच्या पोरांना घरनंच येतात, चतकोर म्हणजे १/४ एवढंच त्यावर लिहायचं.

दहा-अकरा वर्षांपूर्वी, ज्ञानरचनावादाची (मूल स्वतः करून, हाताळून शिकतं या विचाराची) चर्चा जोरात होती तेव्हा, आम्ही काही शिक्षक गाडी करून सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळा बघायला गेलो होतो, प्रतिभा भराडे मॅडमनी तिथं केलेलं काम तेव्हा सगळीकडे गाजत होतं. फरशीवर रंगवलेल्या आकृत्या, खडे, काड्या, आणि पोरं आपापली कामात, शिक्षकाकडं बघतसुद्धा नव्हती. तिथलं बघून आलेल्या कितीजणांनी परत येऊन नुसत्या फरश्या रंगवल्या आणि त्यावर बाकं ठेवली. या पेटीचंही तसंच होऊ शकतं, दोन शाळांत मी ती प्लास्टिक न फाडलेली बघितलीय, खराब होईल म्हणून.

तर अख्खी पेटी २८५० ला घ्यायची गरज नाही. गणितमाळ, ठोकळे आणि फासे सुटे मिळतात, काकांनी मला तिन्हीचा मिळून १२०० च्या आतबाहेर भाव सांगितला, आणि मोठ्या पटाला ठोकळ्यांचे दोन संच लागतील हे धरून चला. सुटं मागितलं की आधी 'सेटच येतो' म्हणतात, जरा थांबून परत विचारा. मी अजून दोन माळा सांगून ठेवल्यात, एक पहिलीच्या बाजूला आणि एक तिसरीच्या सरांना, शनिवारी सकाळची शाळा सुटली की आणायला जाणार आहे, तंगूस आधीच घेऊन ठेवलाय.